किलोचा भाव लिहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात छोटी किराणा दुकानं का बंद पडतायत त्यावर लेख आला होता, मी तो दोनदा वाचला. मॉल, ॲपवरून दहा मिनिटात घरपोच, पोरांना दुकानात बसायचं नाही, सगळं लिहिलंय ते खरंच आहे, पण एक गोष्ट त्यात कुठंच नव्हती म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी कराडात २३ वर्षं किराणा दुकानात बसते, आधी सासऱ्यांच्या हाताखाली होते आणि गेली नऊ वर्षं खरेदी आणि हिशोब सगळा माझ्याकडंच आहे. मला असं वाटतं की आम्ही दुकानदारांनी आपण गिऱ्हाइकाच्या बाजूला आहोत का कंपनीच्या, हे कधी बसून ठरवलंच नाही. आणि न ठरवता चालवलं की दुकान आपोआप कंपनीच्या बाजूला सरकतं. त्यात कुणी वाईट असतं असं नाही, सेल्समन येतो, चांगला पोरगा असतो, बारावर एक फ्री सांगतो, वैनी हे पुढच्या फळीवर लावा म्हणतो, आपण लावतो, आणि सहा महिन्यांनी बघावं तर पुढच्या फळीवर सगळा तोच माल ज्यात आपल्याला जास्त सुटतं आणि घेणाऱ्याला महाग पडतं.

तेलाचं सांगते म्हणजे कळेल. मागं एकदा एक मावशी आल्या, चार घरी धुण्याभांड्याची कामं करतात, महिन्याला दोन पिशव्या तेल नेतात. समोर सोयाबीन तेलाच्या दोन पिशव्या होत्या, एक १ लिटरची १४५ रुपयांना आणि दुसरी १३२ ला. त्यांनी १३२ ची उचलली आणि म्हणाल्या हे स्वस्त आलंय बघा, तेरा रुपये वाचले. पिशव्या शेजारी ठेवल्या तर दिसायला अगदी सारख्या, उंचीही तेवढीच, पण १३२ च्या पिशवीवर खाली कोपऱ्यात ८०० ग्रॅम लिहिलेलं. आता एक लिटर तेल म्हणजे किलो नसतं, तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पहिली पिशवी किलोला १५९ रुपये पडली आणि मावशींनी उचललेली १६५. स्वस्त म्हणून घेतलेलं किलोमागं सहा रुपये महाग. आणि खरं सांगायचं तर लिटरच्या पिशवीत मला तीन रुपये सुटत होते आणि ८०० वालीत सहा. म्हणजे मी गप्प बसले असते तर माझा फायदाच होता, आणि कित्येक महिने मी गप्पच बसले होते, कारण कुणी विचारत नव्हतं.

त्या दिवशी मावशींना सांगितलं की ती ठेवा, ही घ्या. त्या म्हणाल्या पण हिच्यावर तर पैसे जास्त लिहिलेत. मी कागदावर मांडून दाखवलं तरी त्यांना पटलंय असं वाटलं नाही, माझ्यावर विश्वास म्हणून त्यांनी पिशवी बदलली एवढंच. रात्री दुकान बंद करताना तेच डोक्यात, की हा हिशोब प्रत्येकाला कागदावर कोण मांडून दाखवणार, तो भिंतीवरच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्यासारखा काळा फळा आणला आणि गल्ल्याच्या मागं लावला. त्यावर तेल, साखर, डाळी, चहा, साबण, बिस्किट, जे जे पॅकिंगमध्ये येतं त्या प्रत्येकाचा किलोचा भाव लिहिते, छापलेल्या एमआरपीवरून नाही, मी ज्या किमतीला विकते त्यावरून. तेलाचं रोज पुसून रोज लिहावं लागतं. बाकीचं आठवड्याला.

कुणी म्हणेल कायद्यानं पाकिटावर युनिट सेल प्राइस, म्हणजे एका मापाचा भाव, छापतातच की. छापतात. आधी कसं होतं तर चहा, बिस्किटं, खाद्यतेल, साबण अशा १९ वस्तूंचा तक्ता होता वैधमापनच्या, म्हणजे सरकारच्या वजन-माप खात्याच्या नियमात, त्या वस्तू ठराविक वजनाच्याच पुड्यात विकायच्या. २०२१ च्या दुरुस्तीनं तो तक्ता काढला, म्हणजे कंपनीला ७५०, ८००, ८५० काय वाटेल ते भरायला मोकळीक, आणि त्याच्या बदल्यात ग्रॅमचा किंवा किलोचा भाव पाकिटावर छापायचा. वाचायला बरं वाटतं. पण एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर भाव ग्रॅमचा छापायचा आणि तोही दोन दशांशापर्यंत. आता दुकानातलं उदाहरण घ्या, दहा रुपयांचे बिस्किटाचे दोन पुडे, एक ८० ग्रॅमचा आणि एक ७५ ग्रॅमचा. दोन्हीवर ०.१३ छापलेलं, कारण साडेबारा पैशाचेही तेरा होतात आणि तेरा पॉइंट तीनचेही तेरा. किलोचा भाव काढला तर एक १२५ आणि दुसरा १३३. आठ रुपयांचा फरक त्या दोन आकड्यात गडप झाला, आणि नियम कुणी मोडलेलाच नाही.

दुसरी गोष्ट, ते गणित एमआरपीवर असतं. तेलाच्या त्या लिटरच्या पिशवीवर एमआरपी १८० होती आणि मी विकत होते १४५ ला, असा फरक कुठल्याही दुकानात जाऊन बघा. त्या ८०० ग्रॅमच्या पिशवीवर एमआरपी १६८ होती आणि खाली ०.२१ रुपये प्रति ग्रॅम छापलेलं. म्हणजे २१० रुपये किलो, जो भाव ना मी घेत होते ना दुसरा कुणी. असल्या आकड्यावरून घरातली बाई काय तुलना करणार, आणि वाचायलाही भिंग लागतं.

माझा भाचा नोकरीला जर्मनीत असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर त्यानं तिथल्या सुपरमार्केटमधले फोटो पाठवले. तिथं वस्तूच्या किमतीची चिठ्ठी फळीच्या कडेला लावलेली असते आणि त्याच चिठ्ठीवर किलोचा किंवा लिटरचा भाव, ग्रुंडप्राइस म्हणतात त्याला. युरोपात १९९८ चा नियम आहे त्यासाठी. जर्मनीत आधी छोट्या पाकिटांना १०० ग्रॅमचा भाव लिहिला तरी चालायचं, पण २०२२ च्या मे महिन्यापासून ते बंद केलं, आता किलोचा नाहीतर लिटरचाच लिहायचा, कारण शंभर ग्रॅमचा भाव किलोच्या भावाशेजारी ठेवला की माणूस फसतो. आपण साधारण त्याच सुमाराला ग्रॅमचा भाव आणला.

फळा लावल्यावर पहिला विरोध घरातनंच झाला. आमचे हे म्हणाले की ज्यात जास्त सुटतं तेच तू लोकांना घेऊ देत नाहीस. आणि ते खोटं नव्हतं, पहिल्या तीन महिन्यात ८०० वाली पिशवी जवळजवळ उठायचीच बंद झाली, कंपनीच्या माणसानं दोनदा येऊन फळा बघितला आणि पुढच्या खेपेला आम्हाला डिस्प्लेचे, म्हणजे माल पुढच्या फळीवर लावायचे पैसे मिळाले नाहीत. ते महिन्याला मिळायचे, छोट्या दुकानाला ती रक्कम लागते. मी ह्यांना एवढंच म्हटलं की वर्षभर बघू, ठरवलंय तर वर्षभर ठेवू. अधेमधे मन बदलायचं नाही एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, कारण असले निर्णय पहिल्या नुकसानीलाच मोडतात.

डाळींचं वेगळं आहे आणि मला वाटतं ते जास्त महत्त्वाचं आहे. आमच्याकडं रोजंदारीवर काम करणारी माणसं पुष्कळ, त्यांची खरेदी पावकिलो, अर्धपाव, वीस रुपयांची डाळ द्या अशी असते. तूरडाळ १३० रुपये किलो असेल तर पावकिलो साडेबत्तीस होतं, पण बाजारात सरसकट ३५ घेतात, म्हणजे पावकिलो नेणाऱ्याला तीच डाळ १४० रुपये किलोनं पडते. ज्याच्या हातात पैसे कमी त्याला भाव जास्त. हे कुणी ठरवून केलेलं नाही, सुट्टे नसतात, राउंड केलं, चालू झालं, सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडंही चालूच होतं. मी ते बंद केलं. पावकिलोलाही किलोचाच भाव, साडेबत्तीस असेल तर ३२ घ्यायचे, आठ आणे सोडून द्यायचे. सुटी पोती मी काढलेली नाहीत, सगळे पॅकिंगकडं गेले तरी, कारण वीस रुपयांची डाळ पॅकिंगमध्ये मिळत नाही आणि सुट्या डाळीला पाच टक्के जीएसटीही लागत नाही, तो २०२२ च्या जुलैपासून लेबल लावलेल्या पिशव्यांना लागतो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, दरवर्षी वैधमापनचा शिक्का होतो, आणि आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूलाही दिसतात असाच घेतलाय.

आणि मोठं पाकीट म्हणजे स्वस्त असंही कायम नसतं बरं का, शाम्पूत उलटं आहे, रुपया दोन रुपयांच्या पुड्या मापानं बाटलीपेक्षा कित्येकदा स्वस्त पडतात. हे फळ्यावर लिहिल्यापासून चांगल्या पगारदार बायकाही पुड्यांच्या माळा घेऊन जातात.

आता सगळ्यात अवघड निर्णयाचं सांगते, कारण तो मी बरोबर घेतला का चूक हे मला अजून नक्की सांगता येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात, गणपती बसलेले असतानाच, केंद्रानं खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली. १४ सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावर सगळं मिळून साडेपाच टक्के होती ती साडेसत्तावीस झाली. आपण निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, त्यामुळं भाव चढणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सकाळी दुकान उघडायच्या आधीच होलसेलवाल्याचा फोन, वैनी माल दाबून ठेवा, चार दिवसात वीस रुपये वर जातंय. माझ्याकडं ३१ बॉक्स पडले होते, बारा पिशव्यांचा एक, म्हणजे ३७२ पिशव्या. पिशवीमागं २० रुपये धरले तरी साडेसात हजार रुपये फुकट मिळणार होते, नुसतं काही न करता. आणि बाजाराची रीतच अशी आहे की भाव वाढला की त्याच मिनिटाला जुना मालही नव्या भावानं विकायचा, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. तेव्हा सरकारनंही तेल कंपन्यांना सांगितलं होतं की कमी ड्युटीत आलेला साठा आहे, ४५ ते ५० दिवस पुरेल, तोवर एमआरपी वाढवू नका. पण ते सांगणं पेठेत पोचेपर्यंत भाव वर गेलेले होते.

मी दिवसभर विचार केला. संध्याकाळी ह्यांच्याशी बोलले आणि ठरवलं की ज्या भावात आणलंय त्यावर पिशवीमागं तीन रुपये, कायम, भाव चढो नाहीतर उतरो. फळ्यावर तसं लिहिलं, जुना माल जुन्या भावानं, घरटी दोन पिशव्या. घरटी दोन का, तर पहिल्याच दिवशी वडापावच्या गाडीवाले आणि शेजारच्या पेठेतला एक दुकानदार बॉक्सच्या बॉक्स मागायला आले होते. ते ३१ बॉक्स अकरा दिवस पुरले. त्या अकरा दिवसात दुकानात अशी माणसं आली जी आधी कधी आली नव्हती, आणि अकरा दिवसांनी नव्या भावानं तेल घेताना कुणी एक शब्द बोललं नाही, कारण भाव का वाढला ते त्यांनी आमच्या फळ्यावर वाचलेलं होतं.

पण नियम दोन्हीकडून पाळायचा तर उलटंही होणार होतं आणि ते झालं. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीला तीच ड्युटी साडेसत्तावीसवरून साडेसोळावर आणली, बाजार उतरायला लागला, आणि माझ्याकडं महाग भावात आणलेला माल पडलेला. मॉलमध्ये कमी भाव लागला. मी फळ्यावर लिहिलं की हा माल जुन्या भावात आणलाय, अजून सात-आठ दिवस आहे, ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा. दोन-चार माणसं चिडली, एक काका म्हणाले आता का नाही कमी करत, तेव्हा मी त्यांना सप्टेंबरची आठवण करून दिली, तर ते म्हणाले तेव्हा मी तुमच्याकडून घेतलंच नव्हतं. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाच बॉक्स शेवटी मी तीन रुपयेही न घेता मूळ किमतीला सोडले. त्यात माझा नियम मी थोडा मोडला हे मान्य आहे.

जीएसटी कमी झाला तेव्हाचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. आमचं दुकान छोट्या दुकानदारांसाठीच्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही, जुना माल १८ टक्क्यानं घेतलेला तो तसाच अंगावर. तरी त्या दिवशी सकाळी कमी भाव लावून टाकला, कारण लोक टीव्हीवर बघून येणार आणि आपण जुना नवा करत बसणार हे बरं दिसत नव्हतं. इथं मी तेलाचा नियम लावला नाही, मुद्दाम. तेलात बाजाराचा भाव आहे, तो माझा आणि होलसेलवाल्याचा, पण टॅक्स हा शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातनं जातो, तो माझा नफा नाही. काही डिस्ट्रिब्युटरनी नंतर फरक दिला, काहींनी अजून दिलेला नाही, मागतेय.

दिवाळीच्या डब्याचं राहिलंच होतं, ते सांगायलाच पाहिजे कारण दरवर्षी माणसं तिथं फसतात. तेलाचा डबा दोन प्रकारचा येतो, १५ किलोचा आणि १५ लिटरचा. पत्र्याचा डबा तोच, चित्र तेच. १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक किलो साडेतीनशे ग्रॅम कमी. समजा किलोवाला २,४०० आणि लिटरवाला २,२५०, तर दीडशे रुपये वाचले म्हणून माणूस खुशीत घेऊन जातो, प्रत्यक्षात एक १६० रुपये किलो पडला आणि दुसरा १६५. मी डब्यावर खडूनं मोठ्या अक्षरात किलो नाहीतर लिटर लिहूनच बाहेर मांडते. एवढं काम कुठलाही दुकानदार दोन मिनिटात करू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत.

धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं तर, विक्री वाढली आहे, किलोमागं सुटणारे पैसे कमी झालेत, वर्षाच्या शेवटी हातात राहिले ते साधारण आधीइतकेच. फळ्यामुळं आम्ही श्रीमंत झालो असं मी लिहिणार नाही, कारण झालो नाही. पण ॲपवरून मागवणारी आमच्या गल्लीतली पोरंही आईला विचारतात की फळ्यावर काय भाव आहे, आणि मग ठरवतात.

ग्राहक पंचायतीचं काम मी लहानपणापासून ऐकतेय, १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, मग मुंबईत पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, घरांचे गट करून एकत्र खरेदी, महिन्याचा माल एका ठिकाणी यायचा आणि बायका आपापसात वाटून घ्यायच्या. ती माणसं दुकानदाराला टाळून खरेदी करत होती, म्हणजे धंद्याच्या हिशोबानं आमच्या विरोधातलीच, तरी मला त्यांचं पटत आलंय, कारण काय घ्यायचं आणि का घ्यायचं हे ती बसून ठरवत होती. आम्हा दुकानदारांना तसं बसून ठरवायला कुणी अडवलेलं नाही.

सरकारकडं माझी एकच मागणी आहे. पाकिटावरचा भाव ग्रॅमचा नको, सगळ्याला किलोचा आणि लिटरचाच करा, पाकीट पन्नास ग्रॅमचं असलं तरी, आणि अक्षर एमआरपीएवढं मोठं. मोठ्या दुकानांना फळीवरच्या चिठ्ठीवर विक्रीच्या किमतीवरून किलोचा भाव लिहायला लावा, कॉम्प्युटरवर चिठ्ठी छापतात त्यांना त्यात काहीच अवघड नाही. आमच्यासारख्या छोट्यांना सक्ती नका करू, फळा आणि खडू आम्ही आणू.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडं पण एक मागणं आहे. तुम्ही रोज बाजारभाव छापता ते मार्केट यार्डातले, क्विंटलचे. शेतकऱ्याला ते पाहिजेतच. पण त्याच्या शेजारी रविवारी रविवारी एक छोटी चौकट द्या, तेल, साखर, तूरडाळ, चहा, साबण अशा दहा वस्तूंचा किरकोळ किलोचा भाव, वेगवेगळ्या आकाराच्या पाकिटांचा शेजारी शेजारी. कराडातले भाव मी दर शनिवारी संध्याकाळी पाठवीन, दुसऱ्या गावातनं पण कुणी ना कुणी नक्की मिळेल.

आपली,
एक किराणा दुकानदार, कराड

ता.क. फळ्याचा फोटो सोबत पाठवलाय. त्यात हरभराडाळीचा आकडा पुसट आलाय, तो ९० आहे.